नकाशाचं सॉफ्टवेअर नवं होतं तेव्हा

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक ग्रामसभांनी असे दावे केले. दावा म्हटला की हद्दीचा नकाशा आला. गावातली जाणती माणसं पुढे आणि जीपीएस घेतलेली पोरं मागे, अशी हद्द फिरून होते. मग ती संगणकावर चढते. या कामाला क्यूजीआयएस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उत्तम आहे. परवान्याचा खर्च नाही, मूळ कोड सगळ्यांना खुला. मात्र त्याची नवी आवृत्ती आली की ती कुठून आली, कुणी काढली, घ्यावी की नाही, याबद्दल भलतेच समज ऐकू येतात.

सगळ्यात मोठा समज असा की फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे हौशी लोकांनी सवडीने केलेलं काम, त्याला कसलं आलंय वेळापत्रक! क्यूजीआयएसची सुरुवात २००२ मध्ये गॅरी शेरमन या एका माणसाने केली हे खरं. आज मात्र स्वित्झर्लंडमध्ये नोंदवलेली संस्था हा प्रकल्प चालवते आणि सर्वसाधारणपणे दर चार महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती काढण्याचा तिचा प्रघात आहे. तारखा आधी जाहीर होतात. देणग्यांतून आलेल्या पैशांतला काही भाग बग दुरुस्त करणाऱ्यांना मानधन म्हणून जातो. आवृत्त्यांना विकसकांच्या बैठका जिथे होतात त्या गावांची नावं देण्याची रीत आहे. ऑक्टोबर २०२१ मधल्या ३.२२ला युरोपातल्या प्राचीन अरण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्यावोव्हियेझाचं नाव मिळालं. जंगलाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या माणसाला त्याचं अप्रूप वाटणारच.

कोड लिहून झाला, की आवृत्ती तयार झाली, असंही नाही. प्रकाशनाच्या साधारण महिनाभर आधी नव्या सोयी घेणं थांबतं. याला फीचर फ्रीज म्हणतात. कुणी कितीही सुंदर कल्पना आणली तरी ती पुढच्या फेरीत. या महिन्यात फक्त दुरुस्त्या, चाचण्या, अनुवाद आणि काय बदललं याचं लेखन चालतं. मेनूतले, सूचनांमधले शब्दही गोठवले जातात, कारण वाक्यं रोज बदलत राहिली तर अनुवादक कशाचा अनुवाद करणार? माझ्या मते आवृत्तीचा खरा कस याच महिन्यात लागतो.

‘सगळ्यात नवी तीच चांगली’ हा समज कार्यालयांतही दिसतो. क्यूजीआयएसच्या एका वेळी दोन धारा चालतात. एक ताजी, नव्या सोयींची. दुसरी दीर्घ मुदतीची, जिच्यात सुमारे वर्षभर फक्त चुकांची दुरुस्ती येत राहते. २०१५ मधली २.८ ही अशी पहिली. हक्काचा दावा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा प्रवास करणाऱ्या नकाशाला दीर्घ मुदतीचीच आवृत्ती घ्यावी. २०१८ मध्ये ३.० आली तेव्हा ज्यांवर ते बांधलेलं आहे त्या पायथन आणि क्यूटी या दोन्ही पायांची पिढी बदलली आणि जुनी प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, नव्याने लिहिल्याशिवाय चालेनात. ज्यांचं रोजचं काम एखाद्या प्लगइनवर अडलेलं होतं त्यांना थांबणंच शहाणपणाचं होतं.

आता सर्वात गंभीर समज: सॉफ्टवेअर बदललं तरी रेषा आहे तिथेच राहते. रेषेचे आकडे तेच राहतात, पण त्या आकड्यांचा अर्थ लावणारं गणित वेगळ्याच मुक्तस्रोत प्रकल्पातून येतं. त्याचं नाव प्रोज. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर, काढलेल्या आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या नमुन्यावर चालतं. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले, तर आपल्या भागात हद्द शे-दोनशे मीटर सरकते. नाला या गावचा की त्या गावचा, हा प्रश्न तेवढ्यात उभा राहतो. २०१९ मध्ये प्रोजची सहावी आवृत्ती आली आणि त्याच वर्षीच्या ३.१०पासून क्यूजीआयएस तिच्यावर उभं राहिलं. एका प्रणालीतून दुसरीत जाण्याचे एकाहून अधिक मार्ग असतील तर त्यांची अचूकता ते दाखवू लागलं. हा बदल भल्यासाठीच होता, तरी जुना नकाशा नव्या आवृत्तीत उघडून डोळे झाकून छापू नये. चंद्रपूर आणि गडचिरोलीचा बहुतेक सगळा भाग यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४४ उत्तर पट्ट्यात येतो, पुणे-मुंबई ४३ मध्ये. पुण्याच्या कुणाकडून आणलेला साचा जसाच्या तसा वापरला तर इथेही घोळ होतो. आवृत्ती बदलण्याआधी आपल्या नकाशाच्या प्रकल्प-फाइलची प्रत काढून ठेवावी आणि हद्दीचे दोन-तीन पक्के दगड नव्या नकाशात जागेवर आहेत का ते पाहावं. नव्या आवृत्तीत साठवलेली प्रकल्प-फाइल जुनीत उघडताना काही मांडणी गळू शकते, म्हणून सगळ्या गटाने एकच आवृत्ती ठेवलेली बरी.

‘आपल्याला प्रोग्रामिंग येत नाही, आपला काय संबंध?’ हे वाक्य ऐकून वाईट वाटतं. पुण्या-मुंबईत किंवा युरोपात बसलेला विकसक जुनी टोपोशीट, देवनागरीतली गावांची नावं आणि कक्ष क्रमांक एकाच नकाशावर कधी लावून पाहणार? जोडाक्षर तुटलं, नाव उलटसुलट छापलं गेलं, तर ते पहिल्यांदा दिसेल धानोऱ्याच्या किंवा सिंदेवाहीच्या संगणकावर. विंडोजवर चाचणीची आवृत्ती रोजच्या आवृत्तीशेजारी वेगळी बसवता येते. चूक सापडली तर कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहून गिटहब या संकेतस्थळावर क्यूजीआयएसच्या पानावर नोंदवायचं. सोबत छोटी नमुना फाइल द्यावी, पण गावाचा खरा नकाशा नको. नोंद जगाला दिसते, आणि देवस्थान कुठे आहे, मध-डिंक कुठे मिळतो ही माहिती ग्रामसभेची आहे.

गोठवणीचे महिने साधारण जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मे महिन्यात गावं तेंदूपत्त्याला लागलेली असतात, सप्टेंबरात पाऊस आणि विजेचा लपंडाव. चाचणीला बसायचं तर जानेवारी गाठावा: धान घरात आलेलं असतं, मोहफुलांना अजून वेळ असतो, आणि तेव्हा नोंदवलेली चूक फेब्रुवारीच्या आवृत्तीआधीच दुरुस्त होण्याची शक्यता चांगली असते.