अळमी आणि युरिक अ‍ॅसिड

श्रावणात रस्त्याकडेला पानांत बांधलेली अळमी विकायला बसतात. भाव ऐकून आपण दचकतो आणि तरीही घेतो. हल्ली त्या पुडीबरोबर एक वादही घरात येतो. युरिक अ‍ॅसिड वाढून ज्यांचा पायाचा अंगठा ठणकतो, त्यांतले काही ‘मश्रूम अगदी वर्ज्य’ म्हणून ताटातले तोणाक बाजूला सारतात. काही उलट, अळंबी हेच औषध मानून रेशीच्या कॅप्सूल आणतात आणि डॉक्टरांची गोळी सोडतात. माझ्या मते यांतली दुसरी चूक अधिक महागात पडते.

प्युरीन ही द्रव्ये आपल्या पेशींत असतात आणि अन्नातही. ती मोडली की शेवटी युरिक अ‍ॅसिड उरते. बहुतेक सस्तन प्राण्यांत एक विकर ते आणखी फोडते. माणसाकडे ते विकर नाही. म्हणून मुख्य भिस्त मूत्रपिंडांवर. रक्तात दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते नीट विरघळून राहत नाही. सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात.

युरिक अ‍ॅसिड तयार करणाऱ्या विकराचे नाव झँथिन ऑक्सिडेज. काही अळंब्यांचा अर्क परीक्षानळीत या विकराला आवरतो, उंदरांतही युरिक अ‍ॅसिड उतरवतो. कॅप्सूलवाल्यांचा आधार एवढाच. अ‍ॅलोप्युरिनॉल ही गोळीही त्याच विकराला अडवते. ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण गोळीची मात्रा मोजलेली असते, तिचा परिणाम माणसांत तपासलेला असतो. अळंबीच्या भुकटीने माणसाचा गाऊट आटोक्यात येतो, असा भक्कम पुरावा नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर रेशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

आता भीतीबद्दल. अमेरिकेत सुमारे ४७,००० पुरुषांच्या आहारावर बारा वर्षे लक्ष ठेवले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊटचा धोका अधिक दिसला. मश्रूम, पालक, डाळी अशा प्युरीनयुक्त शाकाहाराने तो वाढलेला दिसला नाही. दूधदुभत्याने तर कमी दिसला. तेव्हा वाटीभर तोणाक खुशाल खा. सुकवलेल्या अळंब्यांचे मात्र वेगळे: पाणी गेल्यामुळे तेवढ्याच वजनात प्युरीन कितीतरी जास्त भरते, आणि भुकटी ही सुकवलेलीच असते.

श्रावणात आपल्यापैकी अनेकांच्या घरी मासे बंद असतात. बांगडे, तारले, सुंगटे नाहीत, किसमूर नाही, काहींचा पेलाही बंद. अशा महिन्यात युरिक अ‍ॅसिड उतरले आणि त्याच महिन्यात अळमी खाल्ली, तर श्रेय अळम्यांना देणे सोपे असते. गोळी न सोडता एक तपासणी श्रावण सरताना करा, दुसरी चतुर्थीनंतर मासे सुरू होऊन महिना झाल्यावर, आणि दोन्ही कागद डॉक्टरांसमोर ठेवा.