मीम आणि इतिहासाचे आकलन : निझामाच्या सोन्याचे उदाहरण

चित्र आणि त्यावरील दोन-तीन ओळींचा मजकूर, या स्वरूपात समाजमाध्यमांवर पसरणाऱ्या आशयास ‘मीम’ म्हणतात. अनुकरणाने माणसाकडून माणसाकडे जाणारा सांस्कृतिक घटक या अर्थाने रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये हा शब्द योजला. आज इतिहासविषयक मीम विद्यार्थ्याच्या मोबाईलवर वर्गातील पाठाआधीच पोहोचलेले असते. त्याचा परिणाम समजण्यास हैदराबादचे एक उदाहरण उपयुक्त आहे.

सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्या छायाचित्रासह एक मजकूर वारंवार फिरतो. १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी देशाच्या संरक्षण निधीस ५,००० किलो सोने दान केले आणि केवळ रिकाम्या पेट्या परत मागितल्या, असे त्यात म्हटलेले असते. माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीकडे अशा देणगीची माहिती नसल्याचे उत्तर मिळाले. ‘द हिंदू’ने २०१८ मध्ये जुन्या वृत्तांच्या आधारे दाखविले, की निझामांनी ४.२५ लाख ग्रॅम, म्हणजे ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतविले होते. डिसेंबर १९६५ मध्ये हैदराबादेत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याबद्दल त्यांचे अभिनंदनही केले होते. अर्थात ते दान नव्हते, परतफेडीची गुंतवणूक होती. आणि मीममधील आकडा प्रत्यक्षाच्या जवळजवळ बारा पट आहे.

तरीही मीमच का टिकते? ‘रोखे’ हा शब्द रुक्ष आहे, ‘दान’ हृदयास भिडते. पेट्यांचा तपशील लोककथेप्रमाणे स्मरणात राहतो. शिवाय ज्या समाजाच्या देशनिष्ठेवर वारंवार प्रश्न उभे केले जातात, त्याला असे उत्तर आयतेच हवे असते.

याउलट दर १७ सप्टेंबरला दुसऱ्या टोकाची मीम फिरतात. त्यांत रझाकार आणि मुसलमान हे शब्द एकाच अर्थाने येतात. रझाकारांचे अत्याचार हे सत्य आहे. परंतु भारतात विलीनीकरणाची बाजू मांडल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्यांची हत्या झाली ते ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. दोन रंगांच्या चित्रात त्यांना जागा मिळत नाही.

अध्यापकांनी मीमची थट्टा न करता ते वर्गात वाचावयास घ्यावे. हे प्रथम कोणी व केव्हा सांगितले? तत्कालीन नोंद काय म्हणते? यातून काय गाळले आहे? हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. विशेषतः आपल्याला सुखावणाऱ्या मीमला ते आधी विचारले पाहिजेत. एक खोटा आकडा उघडा पडला की उस्मानिया विद्यापीठाची १९१८ मधील स्थापना किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेतील निझाम अतिथिगृह यांसारख्या खऱ्या गोष्टींवरही श्रोता विश्वास ठेवीनासा होतो. ४२५ किलोंची नोंद लहान वाटली, तरी ती कागदपत्रांनी सिद्ध करता येते. वर्गात तीच सांगणे इष्ट होय.