महागडे घड्याळ आणि विक्रेत्याची जबान

आमचा व्यवसाय कापडाचा. तरीही आज घड्याळाच्या धंद्यावर लिहीत आहोत. गेल्या हिवाळ्यात बदनापुरात आमच्या शेजारी दुकान असलेल्या एका व्यापारी मित्रावर जो प्रसंग आला, त्यात आपणा सर्व दुकानदारांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

या मित्राची अँजिओप्लास्टी झालेली. घरच्या घरी ईसीजी पाहता यावा म्हणून त्यांच्या मुलाने मोठ्या शहरातील एका दुकानातून धावपटूंसाठीचे स्मार्टवॉच आणले. किंमत पन्नास हजारांच्या वर. मुलाने विचारले, "यात ईसीजी आहे ना?" दुकानदार म्हणाला, "एवढ्या किमतीत सगळेच असते." घरी आणल्यावर कळले की नाडीचे ठोके दिसतात, रक्तातील ऑक्सिजन दिसतो, ईसीजी मात्र नाही. परत करायला गेले तर खोका उघडला आहे म्हणून माल घेतला नाही.

पैशाचे नुकसान एक वेळ सोसता येते. पण पुढे एका रात्री मित्राला छातीत धडधड सुरू झाली. त्यांनी घड्याळ पाहिले. ठोके ८२. आकडा ठीक आहे असे समजून ते पडून राहिले. सकाळी डॉक्टरांनी ईसीजी काढला, तेव्हा हृदयाची लय बिघडलेली निघाली आणि त्यांना भरती करावे लागले. ठोक्यांची संख्या बरोबर असूनही लय बिघडलेली असू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आज ते बरे आहेत. पण ती रात्र आठवली की आम्हालाही धडकी भरते.

किंमत जास्त, तरी सोय का नाही?

गिऱ्हाईक समजते की किंमत वाढली की सर्व सोयी आपोआप येतात. वस्तुस्थिती तशी नाही. खेळाडूंच्या घड्याळात पैसा मुख्यतः उपग्रहावरून रस्ता व अंतर मोजणे, नकाशे, अनेक दिवस टिकणारी बॅटरी आणि मजबूत काच यांसाठी लागतो. आरोग्याचे सेन्सर हा त्याचा एक भाग असतो, आणि तो प्रत्येक मॉडेलमध्ये सारखा नसतो.

गार्मिन कंपनीचे उदाहरण घ्या. मार्च २०२३ मध्ये तिने धावपटूंसाठी फोररनर ९६५ हे वरच्या दर्जाचे घड्याळ आणले. त्यात ईसीजी नाही. अवघ्या तीन महिन्यांत, मेअखेर आलेल्या फेनिक्स ७ प्रोमध्ये मात्र नव्या पिढीचा सेन्सर बसवला होता. त्यातही ईसीजीची सोय नंतर सॉफ्टवेअरमधून मिळाली, आणि तीही परवानगी असलेल्या देशांतच. फोररनर मालिकेत ती २०२५ च्या ९७० मॉडेलमध्ये आली. म्हणजे एकाच कंपनीची दोन महाग घड्याळे, आणि एकात आहे ते दुसऱ्यात नाही.

दुसरे कारण सरकारी परवानगीचे. ईसीजी ही वैद्यकीय सोय मानली जाते, म्हणून देशोदेशी वेगळी मंजुरी लागते. ॲपलचे सिरीज ४ घड्याळ २०१८ मध्ये भारतात विकले जाऊ लागले. सेन्सर आत होता, पण भारतात ईसीजी सुरू झाला सप्टेंबर २०१९ मध्ये. तोपर्यंत गिऱ्हाइकाने पैसे भरलेली वस्तू मनगटावर निजून होती.

तिसरे कारण कोर्टकचेरीचे. मासिमो या कंपनीशी पेटंटचा वाद झाल्यामुळे जानेवारी २०२४ पासून ॲपलने अमेरिकेत सिरीज ९ आणि अल्ट्रा २ ही घड्याळे ऑक्सिजन मोजण्याची सोय बंद ठेवून विकली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बदललेल्या स्वरूपात परत आली. हा प्रकार अमेरिकेपुरता होता. पण अमेरिकेतील नातेवाइकाने त्या काळात पाठवलेले घड्याळ आपल्या एखाद्या घड्याळजीकडे आले, तर ते उघडण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. तो बिघाड नव्हे.

घड्याळ काय मोजते?

घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश त्वचेतून रक्ताच्या लाटा टिपतो व ठोके मोजतो. ऑक्सिजनसाठी लाल व अवरक्त प्रकाश वापरतात. पट्टा सैल असला, हात थंड असला किंवा फार हलत असला तर आकडा चुकतो. ईसीजीचे काम निराळे. त्यात धातूचे दोन बिंदू लागतात : एक मनगटाला टेकलेला आणि दुसऱ्यावर दुसऱ्या हाताचे बोट. तरीही तो एकपदरी आलेख असतो. दवाखान्यातील ईसीजी बारा पदरी. घड्याळातील ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही, हे ॲपल कंपनी स्वतः सांगते.

मधुमेहींसाठी तर अधिक सावधगिरी हवी. सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारे घड्याळ म्हणून बाजारात माल फिरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की, अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जीव जाऊ शकतो. असा माल दुकानात ठेवूच नये.

व्यापारी बांधवांनी काय करावे?

पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाला घड्याळ कशासाठी हवे ते विचारावे. आमच्या रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी मुले धावतात. त्यांना वेळ, अंतर व ठोके पुरेत. ईसीजीचे पैसे कशाला भरावेत? हृदयरोग्याची गरज वेगळी. त्याला आधी डॉक्टरांना विचारण्यास सांगावे.

दुसरी, मॉडेलचे पूर्ण नाव घेऊन ती सोय भारतात चालू आहे काय, हे कंपनीच्या माहितीवरून तपासावे. परदेशातील जाहिरात पाहून बोलू नये.

तिसरी, जे नाही ते आधी सांगावे आणि पावतीवर लिहावे : 'ईसीजी नाही, वैद्यकीय उपकरण नाही.' जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, विक्रेत्याने कंपनीच्या हमीहून वेगळी हमी स्वतःच्या तोंडाने दिली, माल तसा निघाला नाही आणि त्यामुळे ग्राहकाला इजा झाली, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. "सगळे आहे" हे दोन शब्द महागात पडू शकतात.

पूर्वी एचएमटीचे घड्याळ विकताना एकच हमी द्यावी लागे : वेळ बरोबर दाखवील. आता घड्याळ शरीराचे हाल सांगू लागले, तेव्हा विकणाऱ्याची जबाबदारीही तेवढीच वाढली. हिमरूमध्ये सुतासोबत रेशीम असते. ते सांगून विकले तर गिऱ्हाईक खुशीने नेते. शुद्ध रेशीम म्हणून विकले तर तेच कापड फसवणूक ठरते. कापड तेच, फरक जबानीचा. आमच्या दुकानात "रंग जाईल का?" असे विचारले आणि जाणार असेल, तर आम्ही "जाईल" म्हणतो. कधी सौदा मोडतो, पण गिऱ्हाईक परत येते. कपड्याचा रंग गेला तर एक सदरा जातो. घड्याळाबद्दल खोटे बोललो तर माणूस जाऊ शकतो.