डोळस प्रवास

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. सुटीच्या दिवशी तेथे माणसांची रीघ लागते. कैलास लेण्याच्या अंगणात कोणी मान उंचावून शिखर पाहतो, कोणी दगडी हत्तीजवळ उभा राहून छायाचित्र काढवून घेतो आणि अर्ध्या घटकेत बहुतेक मंडळी ‘पाहून झाले’ असे म्हणत बाहेर पडतात. एखादा प्रवासी मात्र तेथेच खिळून राहतो. त्याची दृष्टी इतरांहून तीक्ष्ण असते असे नाही. तो घरून निघण्यापूर्वी काही वाचून आलेला असतो, इतकेच.

कैलास हे मंदिर बांधलेले नाही. ते डोंगराच्या अखंड कातळातून कोरून काढलेले आहे आणि तेही वरून खाली. आधी पाया घालावा व मग कळस चढवावा, ही जगाची रीत. येथे कारागिरांनी प्रथम शिखर घडविले व मग ते खाली उतरत गेले. इसवी सनाच्या आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी हे काम झाले, असे इतिहासकार मानतात. कृष्ण याज्ञवल्की या जुन्या मराठी कवीच्या ‘कथाकल्पतरू’ ग्रंथात मात्र एक वेगळीच कथा आहे. राजा दुखण्यातून बरा व्हावा म्हणून राणीने घृष्णेश्वराला नवस केला, की मी मंदिर बांधीन आणि त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. पण शिखर उभे राहण्यास कित्येक महिने लागतील, असे सर्व शिल्पी सांगू लागले. तोवर राणी जगणार कशी? तेव्हा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला. त्याने कातळ वरूनच कोरण्यास आरंभ केला आणि आठवड्याच्या आत राणीला शिखर दाखविले.

ही कथा म्हणजे इतिहास नव्हे. ती लिहिली गेली तेव्हा कैलास खोदून कित्येक शतके लोटली होती. तरीही लोकांना पडलेले कोडे तिच्यात नेमके पकडले आहे. ती वाचून आलेल्या मुलाला शिखराकडे पाहताना उपाशी राणी आठवते आणि पहिली छिन्नी कोठे बसली असेल, हे त्याचे डोळे आपोआप शोधू लागतात.

वेरूळची शिल्पे दगडाची आहेत, ती वाट पाहू शकतात. अजिंठ्याचे तसे नाही. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवरील या लेण्यांतील चित्रे मातीच्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत व गिलावा ठिकठिकाणी गळून पडला आहे. ती चित्रे काढणारे कलावंत ग्रंथांच्या सहवासात वावरत होते, याचा पुरावा भिंतीवरच आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आर्यशूर या कवीच्या ‘जातकमाला’ या संस्कृत ग्रंथातील श्लोक रंगाने लिहिलेले आढळले आहेत.

सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यातील एक चित्र जगप्रसिद्ध आहे. एक स्त्री आसनावर बसली आहे. तिची मान लवली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, गात्रे शिथिल झाली आहेत आणि दासी तिला सावरीत आहेत. इसवी सन १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठा पडला आणि त्यानंतर दूरदूरचे लोक ही लेणी पाहण्यास येऊ लागले. त्या काळच्या पाहणाऱ्यांना या स्त्रीची कथा ठाऊक नव्हती. त्यांनी चित्रास नाव दिले, ‘मरणोन्मुख राजकन्या’. ते दूषण देण्याजोगे नाही. जे दिसले ते त्यांनी सांगितले.

परंतु ती मरत नव्हती. अश्वघोष या कवीचे ‘सौंदरनंद’ नावाचे संस्कृत महाकाव्य आहे. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितांवरून हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० साली छापून प्रसिद्ध केले. त्यात बुद्धाचा सावत्र भाऊ नंद आणि त्याची पत्नी सुंदरी यांची कथा आहे. सुंदरी नंदाजवळ बसून आपल्या मुखावर रंगाची वेलबुट्टी रेखीत असताना बुद्ध भिक्षेसाठी दारी येतो. कोणाचे लक्ष जात नाही व तो रिक्त हस्ते परततो. हे कळताच नंद ओशाळतो आणि त्याला भेटण्यास निघतो. माझ्या मुखावरील हा ओला रंग वाळण्यापूर्वी परत ये, असे सुंदरी त्याला बजावते. रंग वाळतो, दिवस सरतो, नंद येत नाही. तो भिक्षू झालेला असतो.

अजिंठ्याच्या चित्रात एक सेवक हाती मुकुट घेऊन उभा आहे. ज्याने कथा वाचली नाही, त्याच्या लेखी तो नुसता सेवक. अभ्यासकांनी कथा व चित्र ताडून पाहिले, तेव्हा तो मुकुट नंदाचा आहे आणि ही स्त्री सुंदरी आहे, असा उलगडा झाला. चित्रातील एक रेषाही बदलली नाही. त्यातील दुःख मात्र बदलले. मृत्यूचे वाटत होते, ते विरहाचे निघाले.

ही चित्रे जपण्यासाठी त्यांच्या प्रतिकृती करण्याचे प्रयत्नही झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मूळ भिंतीवरील रंग आज पुष्कळ पुसट झाले आहेत. सोळाव्या लेण्याच्या अंधुक प्रकाशात नंदाच्या कथेतील पुढचे प्रसंग सहजी ओळखू येत नाहीत. पण कथा वाचून आलेला प्रवासी तेथे थांबतो, भिंतीवरून सावकाश नजर फिरवितो आणि अर्ध्या पुसलेल्या आकृत्यांत नंद कोणता, ते शोधीत राहतो.