भात खुजं ठेवणारा विषाणू

२०२२च्या खरिपात पंजाबमध्ये खुजी राहिलेली भाताची रोपं पाहिली. पानं अरुंद, ताठ. ओढलं की रोप सहज हातात, मुळं जेमतेम.

पंजाब कृषी विद्यापीठाने कारण शोधलं: सदर्न राइस ब्लॅक-स्ट्रीक्ड ड्वार्फ व्हायरस. २००१मध्ये तो चीनमध्ये प्रथम आढळला होता.

याचा जीनोम म्हणजे दुपदरी आरएनएचे १० सुटे तुकडे, मिळून सुमारे २९ हजार अक्षरं. विषाणू ओळखायला पानातून आरएनए काढायचा, त्यावरून डीएनए बनवून क्रम वाचायचा आणि जुन्या नोंदींशी ताडायचा. असे तुकडे विषाणूच्या दोन प्रकारांत अदलाबदल होऊ शकतात, म्हणून माझं मत: दहाही वाचावेत.

वाहक पांढऱ्या पाठीचा तुडतुडा. बियाण्यातून रोग पसरत नाही. रोपं बुंध्याशी हलकेच झटका, तुडतुडे पाण्यावर तरंगताना दिसतील.

नमुने कसे घ्यायचे, जरूर विचारा.