दंडातली लस आणि हातातला दाखला

जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात एक प्रसंग हमखास घडतो. परराज्यातून बदली होऊन आलेले कुटुंब मुलाला घेऊन प्रवेशासाठी येते. शाळा सोडल्याचा दाखला जवळ असतो, त्यावर सही-शिक्काही असतो. पण लिपिक सांगतात, "यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नाही." मुलाला अपूर्णांक येतात की नाही, हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. मूल सातवी शिकले ही एक गोष्ट, आणि ते शिकल्याचे दुसऱ्या गावाला पटणे ही दुसरी गोष्ट.

कोविड-१९च्या साथीत परदेशी नोकरी करणाऱ्या हजारो भारतीयांना हाच अनुभव आला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांच्या घरचे कोणी आखातात वा इंग्लंडात आहे, त्यांना २०२१ साल चांगलेच आठवत असेल. आमच्या ठाण्यातील इमारतीत दुबईला नोकरी करणारे दोन शेजारी एप्रिल २०२१ मध्ये घरी आले होते. एकाने लसीच्या दोन्ही मात्रा दुबईतच घेतल्या होत्या. दुसरा वडिलांच्या आजारपणामुळे घाईने, लस न घेताच आला होता. २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्या प्रवाशांना प्रवेश बंद केला आणि दोघेही अडकले. दुसऱ्या शेजाऱ्याने जून आणि जुलैमध्ये कोविशील्डच्या दोन मात्रा ठाण्यात घेतल्या. ५ ऑगस्टला अमिरातीने दार किलकिले केले, पण ज्यांनी दोन्ही मात्रा तिथेच घेतल्या होत्या आणि त्यानंतर १४ दिवस झाले होते, अशा रहिवाशांसाठी. पहिला शेजारी गेला. दुसरा राहिला. नोकरी टिकेल की नाही याची त्याला धास्ती होती. एका संध्याकाळी त्याने आम्हाला विचारले, "सर, लस तर आम्ही दोघांनीही घेतली. मग माझ्या दंडात गेले ते काय पाणी होते?"

प्रश्न रागाचा असला तरी शास्त्रीयदृष्ट्या फार चांगला आहे. त्याचे उत्तर आपण टप्प्याटप्प्याने शोधू.

लस तीच, नाव वेगळे

कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांनी विकसित केलेली लस, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. युरोपात हीच लस व्हॅक्सझेव्हरिया या नावाने दिली गेली. चिंपांझीत सर्दीसारखा आजार करणारा एक विषाणू घेऊन त्याची वाढण्याची क्षमता काढून टाकली आणि कोरोना विषाणूवरील काटेरी प्रथिनाचा जनुक त्यात बसवला. हा झाला या लसीचा गाभा. पुण्यात आणि युरोपात तो एकच होता.

तरीही १ जुलै २०२१ रोजी युरोपीय संघाचे डिजिटल प्रमाणपत्र सुरू झाले, तेव्हा युरोपच्या औषध नियामक संस्थेने मान्यता दिलेल्या लसींत व्हॅक्सझेव्हरिया होती, कोविशील्ड नव्हती. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साधे रासायनिक औषध असेल, तर अंतिम रेणू तपासला की पुष्कळ काही कळते. लस मात्र जिवंत पेशींमध्ये वाढवतात. पेशी कोणत्या परिस्थितीत वाढल्या, विषाणू कसा शुद्ध केला, यावर अंतिम लस अवलंबून असते. म्हणून मान्यता नुसत्या कृतीला मिळत नाही. कारखान्याचीही तपासणी करावी लागते. एकाच पाककृतीने दोन घरी केलेल्या पुरणपोळ्या सारख्याच होतील असे आपणही छातीठोकपणे सांगत नाही!

पण याचा अर्थ पुण्याची लस कमी प्रतीची होती असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच तिला आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता दिली होती. गंमत अशी की, इंग्लंडने पुण्यात बनलेल्या सुमारे ५० लाख मात्रा आपल्या नागरिकांसाठी नेल्या होत्या. त्यातली मात्रा मिळालेल्या काही ब्रिटिश प्रवाशांना जुलैमध्ये माल्टाला जाताना अडचण आली. म्हणजे प्रश्न भारतीय माणसाचा नव्हता, कुपीवरच्या नोंदीचा होता. पुढे जर्मनी, स्पेन, स्वित्झर्लंड अशा देशांनी आपापल्या अधिकारात कोविशील्डला मान्यता दिली. हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले.

दाखला खरा कशावरून?

लस मान्य झाली तरी कागदाचा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडने कोविशील्डला मान्य लसींच्या यादीत घेतले, पण ज्या देशांचे दाखले ग्राह्य धरायचे त्या यादीत भारत नव्हता. ४ ऑक्टोबरपासून भारताने इंग्लंडमधून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना चाचण्या आणि १० दिवसांचे विलगीकरण सक्तीचे केले. ११ ऑक्टोबरपासून इंग्लंडने भारताचा दाखला स्वीकारला आणि त्यानंतर भारतानेही आपले निर्बंध मागे घेतले.

आपल्या कोविन दाखल्यावर एक चौकोनी संकेतचित्र, म्हणजे क्यूआर कोड, असे. त्यात नाव, लस, तारीख ही माहिती असे आणि तिच्यासोबत डिजिटल सही. ही सही कशी काम करते? विद्यार्थ्यांना ८३ आणि ९७ यांचा गुणाकार करायला सांगा. अर्ध्या मिनिटात ८०५१ हे उत्तर येईल. आता दुसऱ्या वर्गात जाऊन फक्त ८०५१ ही संख्या द्या आणि तिचे अवयव पाडायला सांगा. बराच वेळ लागेल. दोनतीन आकडी संख्यांऐवजी शेकडो आकडी मूळ संख्या घेतल्या, तर संगणकही थकतात. एका दिशेने सोपे आणि उलट दिशेने महाकठीण असे गणित वापरून किल्ल्यांची जोडी बनवतात. खाजगी किल्लीने सही करता येते, ती फक्त दाखला देणाऱ्याकडे असते. सार्वजनिक किल्लीने ती सही कोणालाही तपासता येते. दाखल्यावरचे एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही.

पण गणिताला एक मर्यादा आहे. माहिती नंतर बदलली गेली नाही, एवढेच ते सांगते. मुळात नोंद बरोबर होती का, हे सांगत नाही. कोविन दाखल्यावर सुरुवातीला पूर्ण जन्मतारीख नसे. परदेशी जाणाऱ्यांसाठी तिची सोय सप्टेंबर २०२१च्या अखेरीस जाहीर झाली. दाखल्याला पारपत्राचा क्रमांक जोडण्याची सोय आधी झाली होती, पण दोन्हींकडचे नाव जुळायला हवे. आपल्याकडे आधार कार्डावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते, पारपत्रावर कधी आडनाव आधी असते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीच्या एका कागदावर माहेरचे तर दुसऱ्यावर सासरचे नाव असते. शाळेच्या नोंदवहीत आपण लिहिलेले नाव आयुष्यभर कुठे कुठे जाऊन पोहोचते, याचा हा एक धडाच म्हणायचा.

घाईची दुसरी मात्रा

आता दाखला आणि शरीर यांच्यात कधी कधी ओढाताण कशी होते ते पाहू. १३ मे २०२१ रोजी भारताने कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केले. त्याला आधार होता. या लसीच्या चाचण्यांत दोन मात्रांत ६ आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्या गटात लक्षणे असलेल्या आजारापासून संरक्षण सुमारे ५५ टक्के आढळले. १२ आठवडे किंवा त्याहून अधिक अंतर असलेल्या गटात ते सुमारे ८१ टक्के होते. पहिल्या मात्रेनंतर स्मृतिपेशी तयार होऊन परिपक्व व्हायला वेळ लागतो. तो वेळ मिळाला की दुसरी मात्रा अधिक जोरदार उजळणी ठरते. आदल्या दिवशी शिकवलेल्या धड्याची लगेच उजळणी घेण्यापेक्षा काही दिवसांनी घेतलेली उजळणी अधिक टिकते, तसेच काहीसे.

पण परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना इतके थांबणे शक्य नव्हते. म्हणून ७ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने त्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची सवलत दिली. टोकियो ऑलिंपिकला जाणारे खेळाडूही त्यात होते. आमच्या शेजाऱ्याने हीच सवलत घेतली. म्हणजे दाखला 'पूर्ण' झाला, पण शरीराला कदाचित जरा कमी लाभ मिळाला. निर्णय चुकीचा नव्हता. घर चालवायचे होते. मात्र 'पूर्ण लसीकरण' हा शब्द कागदावर सगळ्यांसाठी सारखा असतो, शरीरात नसतो, एवढे लक्षात ठेवावे.

डोंबिवली आणि बंगळूर

डिसेंबर २०२१ मध्ये या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा आपल्या अगदी दाराशी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबरला विषाणूच्या नव्या रूपाला ओमायक्रॉन हे नाव दिले. ४ डिसेंबरला महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉनबाधित आढळला तो कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत. दक्षिण आफ्रिकेहून दुबई आणि दिल्लीमार्गे आलेल्या या प्रवाशाने लस घेतलेली नव्हती. त्याचा आजार सौम्य होता. त्याच्या निकट संपर्कातले १२ आणि कमी जोखमीच्या संपर्कातले २३ जण तपासले गेले. कोणालाही लागण झालेली नव्हती. त्याआधी दोनच दिवस, २ डिसेंबरला, कर्नाटकात देशातले पहिले दोन ओमायक्रॉनबाधित जाहीर झाले होते. त्या दोघांनीही लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या.

यावरून "मग लस घेऊन उपयोग काय?" असे विचारणारे तेव्हा पुष्कळ भेटले. वर्गात हा प्रश्न जरूर चर्चेला घ्यावा. दोनतीन माणसांवरून नियम बांधता येत नाही. छत्री घेतलेला माणूस भिजला आणि न घेतलेला कोरडा राहिला, असे एखाद्या दिवशी घडू शकते. म्हणून छत्री निरुपयोगी ठरत नाही. लस गंभीर आजाराची आणि मृत्यूची शक्यता मोठ्या प्रमाणावर कमी करते. लागण होणे आणि ती दुसऱ्याला देणे यांवरचा तिचा परिणाम त्या मानाने कमी असतो, आणि काळ जाईल तसा तो ओसरतो. म्हणजे दाखला प्रवाशाच्या स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल बरेच काही सांगतो, पण शेजारच्या आसनावरच्या माणसाच्या सुरक्षिततेबद्दल थोडेच. म्हणूनच १ डिसेंबर २०२१ पासून जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांची, लस घेतली असो वा नसो, विमानतळावर चाचणी सक्तीची झाली. लसीचा दाखला प्रवेशाची अट करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२१ मध्येच सुचवले होते. संसर्ग रोखण्याबाबतची माहिती अपुरी आणि लसींचा पुरवठा तुटपुंजा, ही त्यामागची कारणे होती.

पिवळ्या पुस्तिकेचा धडा

मग असा दाखला कधीच चालत नाही का? चालतो. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्याकडे भारत आजही लसीची नोंद असलेली पिवळी पुस्तिका मागतो. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या कूलरमध्ये आणि फुलदाण्यांत सुखाने राहतो. विषाणू एकदा आत आला तर अनर्थ होईल. हा दाखला का चालतो ते पाहा. लस १९३०च्या दशकापासून पारखलेली आहे. ती फक्त नेमून दिलेल्या केंद्रांवर मिळते. नमुना जगभर एकच आहे. लस घेतल्यापासून १० दिवसांनी तो ग्राह्य होतो, आणि ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतो. लस, नोंद आणि परस्परविश्वास या तीनही गोष्टी अनेक दशकांत जमून आल्या. कोविडच्या वेळी त्या काही महिन्यांत उभ्या करायच्या होत्या, तेही अनेक लसी आणि सतत रूप बदलणारा विषाणू समोर असताना.

१२ सप्टेंबर २०२१ पासून अमिरातीने जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता असलेली कोणतीही लस घेतलेल्या रहिवाशांना परवानगी दिली. आमचा शेजारी ४८ तासांच्या आतला चाचणी अहवाल घेऊन विमानतळावर गेला, तिथे पुन्हा झटपट चाचणी दिली आणि दुबईला पोहोचला. ५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या ३८ दिवसांत त्याच्या शरीरातल्या प्रतिपिंडांत प्रवेशाच्या दृष्टीने काहीच नवे घडले नव्हते. बदलला होता तो पलीकडचा नियम.

त्याच्या दंडात गेले ते पाणी नव्हते. ती लसच होती आणि ती आपले काम त्या ३८ दिवसांतही करत होती. परराज्यातून आलेल्या त्या मुलाचेही तसेच आहे. प्रतिस्वाक्षरी येईपर्यंत त्याला वर्गात बसू द्यावे. अपूर्णांक त्याला आधीपासूनच येत असतात.