डीएनएच्या साठ्यावर लक्ष कोणाचे? (विज्ञान आणि न्याय : लेखांक 7)

रक्ताच्या डागातून डीएनएचा आलेख कसा काढतात, ते मागच्या आठवड्यात पाहिले. तो आलेख पुढे कोणाकडे राहतो आणि त्यावर कोण लक्ष ठेवते, हा आजचा विषय.

समजा, राजुरीत बांधावरून हाणामारी झाली आणि एका तरुणाला अटक झाली. 4 ऑगस्ट 2022 पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना ठशांबरोबर जैविक नमुने घेण्याचाही अधिकार दिला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागात ही माहिती 75 वर्षे राहते. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असेल, तर अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारता येतो. हे प्रत्येकाला ठाऊक हवे. मात्र दंडाधिकारी नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर अपिले संपल्यावर नोंद पुसायची असते; पण न्यायालय कारणे नोंदवून ती ठेवायलाही सांगू शकते.

ठसा एकट्याचा असतो, डीएनए साऱ्या भावकीचा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. म्हणजे एका तरुणाच्या नमुन्यातून त्याच्या चुलत्यांपर्यंत आणि चुलतभावांपर्यंत माग काढता येतो. त्यांना तर कोणी विचारलेलेही नसते.

शिवाय साठा अटकेतून भरला, तर ज्यांना वारंवार उचलले जाते त्यांचीच नोंद त्यात जास्त होणार. 1871 च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की संशय अजून पारधी वस्तीकडेच वळतो.

नमुना हाताळण्यातली ढिलाईही जिवावर बेतू शकते. ठाणे जिल्ह्यातील एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये निर्दोष सोडले. नमुने प्रयोगशाळेत पाठवायला झालेला विलंब आणि ते दूषित होण्याची शक्यता न्यायालयाने गंभीर मानली.

ब्रिटनमध्ये पोलिसांच्या डीएनए साठ्यासाठी 2007 मध्ये स्वतंत्र नीतिगट नेमला गेला. पुढच्याच वर्षी, 4 डिसेंबर 2008 रोजी, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दोषी न ठरलेल्यांचे नमुने सरसकट ठेवणे बेकायदा ठरवले. दाद मागणाऱ्यांपैकी एकाला अटक झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. 2012 मध्ये तिथला कायदा बदलला. नीतिगटाचे काम सल्ल्यापुरतेच आहे, पण त्याचे अहवाल लोकांसमोर येतात आणि सरकारला जाब विचारता येतो.

आपल्याकडे 2019 च्या डीएनए विधेयकात नियामक मंडळ होते. संसदीय समितीने फेब्रुवारी 2021 च्या अहवालात जात-धर्मावरून गैरवापर होण्याच्या भीतीची दखल घेतली. जुलै 2023 मध्ये विधेयकच मागे घेतले गेले. नमुने घेण्याचा अधिकार राहिला, मंडळ झालेच नाही. आज पोलीस आणि न्यायसहायक प्रयोगशाळा राज्याच्या गृह विभागाकडे, तर नोंद विभाग केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे.

म्हणून गृह खात्याबाहेरची, विधिमंडळाला उत्तरदायी अशी समिती हवी. तिच्यात जनुकशास्त्रज्ञ व वकिलांबरोबर भटक्या-विमुक्तांचे प्रतिनिधी असावेत. किती नमुने घेतले, किती पुसले, कोणाचे घेतले, हे तिने दरवर्षी जाहीर करावे. बलात्कारपीडितेला न्याय मिळवून देणारे हे शास्त्र आहे. त्यावरचा विश्वास टिकवायचा, तर त्याचा हिशेब उघड्यावर मांडावाच लागेल.

पुढील लेखांकात : बेवारस मृतदेह आणि हरवलेल्यांचा शोध.